डॉक्टरांना कळता कामा नये

त्याचं खरं नाव गल्लीत कुणालाच आठवत नसे. केस कापता कापता तो अखंड बोलायचा, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. दुकान एका खुर्चीचं, आरसा भिंतभर, आणि गिऱ्हाइकं पंचवीस वर्षांची जुनी. त्या गिऱ्हाइकांत एक सर्जन होते. एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी ते केस कापून घ्यायला, दाढी करून घ्यायला येत आणि डोळे मिटून रेडिओच्या बातम्या ऐकत.

अशाच एका शनिवारी खुर्ची वर करताना रेडिओ कळवळला. सर्जननी गळ्याभोवतीचं कापड काढलं, त्याला आतल्या बाकावर आडवं केलं, जांघेपाशी हात लावून खोकायला सांगितलं आणि म्हणाले, "हर्निया आहे. ऑपरेशन करावं लागेल. घाई नाही, दोन-तीन महिन्यांत सवडीने करू." मग पुन्हा खुर्चीत बसून उरलेली दाढी करून घेतली. त्या दाढीला मात्र पहिल्यांदाच दोन ठिकाणी कापलं.

घरी बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दुसऱ्या डॉक्टरला दाखवू या," ती म्हणाली.

"अगं, ते माझे गिऱ्हाईक आहेत. त्यांना काय वाटेल?"

"पडद्याचं कापड घ्यायचं म्हटलं तरी आपण दोन दुकानं फिरतो. इथे पोट कापायचंय."

रेडिओला ते पटलं. खरं तर त्याला भीतीच वाटत होती. जन्मात तो कधी दवाखान्यात राहिला नव्हता. पण ज्याच्या हातात उद्या आपलं पोट द्यायचं, त्याला आज दुखवायचं कसं?

"मी बघतो," तो छाती काढून म्हणाला. "या कानाचं त्या कानाला कळणार नाही."

ज्या माणसाने स्वतःच्या लग्नाची बातमी मुलीकडच्यांना कळायच्या आधी गावभर केली होती, तो हे म्हणत होता.

शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ऑपरेशनं करणं सोडलं होतं, आता फक्त सल्ला देत. रेडिओ कानटोपी घालून, दोन बस बदलून तिथे पोचला. खबरदारी म्हणून नाव मेहुण्याचं सांगितलं.

बाईंनी नीट तपासलं. मग विचारलं, "काम काय करता?"

न्हावी म्हटलं तर ओळख निघेल, म्हणून रेडिओच्या तोंडून पटकन निघून गेलं, "सुतार."

"म्हणजे वजन उचलत असाल."

"उचलतो की."

"जड?"

आता सुतार म्हटल्यावर हलकं कसं सांगणार? "फळ्या असतात," रेडिओ म्हणाला. "दोन माणसांना झेपत नाहीत अशा. मी एकटाच नेतो."

बाईंनी चष्मा काढला. "मग हे थांबण्यासारखं नाही. आतडं अडकलं तर जिवाशी येईल. याच आठवड्यात ऑपरेशन करून घ्या."

रेडिओच्या तोंडचं पाणी पळालं. एक डॉक्टर म्हणतो सवडीने, दुसरी म्हणते याच आठवड्यात! यांतलं खरं कुठलं? आणि विचारायचं तरी कुणाला?

"कुणाकडे करायचं ते मी सांगते," म्हणत बाईंनी फोन उचललाही होता. "माझा विद्यार्थी आहे. त्याच्यासारखा हात कुणाचा नाही." पलीकडून फोन घेतल्यावर त्यांनी ज्या नावाने हाक मारली, ते नाव ऐकून रेडिओने कानटोपी भुवयांपर्यंत ओढली. त्याचेच सर्जन! बाई फोनवर सांगत होत्या, "एक सुतार पाठवते आहे. लवकर बघ. पहिलवान दिसत नाही, पण फार ओझी उचलतो."

फोन ठेवून बाई हसल्या. "आता आलाच आहात तर टेबलाचा हा खण बघता का? महिनाभर अडकतोय."

रेडिओने खणाला हात घातला. हलवला, डुलवला, शेवटी एक हिसका दिला. खण जागच्या जागी राहिला, मूठ हातात आली. वर बाई ओरडल्या, "अहो, जोर नका लावू!"

"हत्यारं घेऊन येतो," म्हणत तो उठला. दाराशी गेला. तिथून तसाच गेला असता तर निभावलं असतं. पण बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि पंचवीस वर्षांची सवय आवरेना.

"बाई, मागून डाव्या बाजूला केस बोटभर लांब राहिलेत," तो म्हणाला. "एका कात्रीचं काम आहे."

घरी येऊन पाहतो तर मूठ खिशातच होती.

ठरलेल्या शनिवारी सर्जन नेहमीप्रमाणे येऊन बसले. रेडिओने केस कापले, फेस लावला, वस्तरा काढला आणि हे सगळं करताना अवाक्षर काढलं नाही.

"आज स्टेशन लागत नाही का?" सर्जननी विचारलं.

"घसा बसलाय."

"हं. परवा आमच्या मॅडमचा पुन्हा फोन होता. एक सुतार पाठवला म्हणाल्या. तो काही आला नाही. त्या फार काळजीत आहेत." सर्जननी डोळे मिटले. "गंमत म्हणजे, त्या सुताराने खण मोडला आणि केसांचा सल्ला दिला."

वस्तरा गालापासून चार बोटांवर थांबला. रेडिओने तो हळूच खाली ठेवला.

"डॉक्टरसाहेब, तुमच्यावर विश्वास नाही असं नाही," तो म्हणाला. "भीती वाटली हो. वाटलं, आणखी कुणीतरी हेच सांगितलं तर धीर येईल. तर त्यांनी आठवडाच दिला. चार दिवस झोप नाही मला."

सर्जन फेसासकट वळले. "अहो, एवढंच ना? मला सांगितलं असतंत तर मीच त्यांच्याकडे पाठवलं असतं. दुसऱ्या कुणाला दाखवून या, हे खरं तर मीच म्हणायला हवं होतं."

त्यांनी तिथूनच बाईंना फोन लावला. फळ्याबिळ्या काही नाहीत, माणूस न्हावी आहे, हे कळल्यावर बाई बराच वेळ हसत होत्या. मग म्हणाल्या, ऑपरेशन करायचंच, पण सवडीने चालेल. दोन्ही डॉक्टरांचं मत एकच होतं. फरक पडला होता तो रेडिओच्या फळ्यांमुळे. "आणि त्यांना म्हणावं, मूठ परत करा," बाईंनी फोन ठेवता ठेवता सांगितलं.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात झालं, छान झालं. बेशुद्ध होईपर्यंत रेडिओ भूल देणाऱ्याला केस गळू नयेत म्हणून काय करावं ते सांगत होता, असं नर्सने बायकोला सांगितलं. नंतर महिनाभर उभ्याने काम करायचं नाही, म्हणून दुकानाला कुलूप लागलं.

काही दिवसांनी तो टाके दाखवायला गेला. सर्जन वाकून जखम पाहू लागले आणि त्यांची मान रेडिओच्या नजरेसमोर आली. मानेवरचे केस मशीनने कापलेले. डाव्या कानामागे पायरी पडलेली. कल्ले एक वर, एक खाली.

रेडिओ आढ्याकडे पाहत म्हणाला, "केस कापलेत वाटतं?"

सर्जन थबकले. "हो… म्हणजे, एका परिषदेला जायचं होतं. घरीच कापले. बायकोने."

दवाखान्याच्या समोर नवं दुकान उघडलं होतं. काचेचा दरवाजा, तीन खुर्च्या आणि प्रत्येक डोक्यावर तीच एक पायरी. येताना रेडिओने तिथून बाहेर पडणारी दोन डोकी पाहिली होती.

"चांगले कापलेत वहिनींनी," तो म्हणाला आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

"काय झालं?" सर्जननी काळजीने विचारलं. "दुखतंय का?"

"थोडंसं."

"कुठे?"

रेडिओने टाक्यांकडे बोट दाखवलं.