दोघांनी धरलेला बांबू

कडूबाईंना लागोपाठ पाच दिवस सोलरचं पाणी गार आलं. जानेवारीची थंडी होती. सहाव्या दिवशी त्यांनी बादली नवऱ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "हात घालून बघा."

मच्छिंद्र धुमाळांनी हात घातला आणि लगेच काढला. मग मागच्या अंगणात जाऊन वर पाहिलं. कडुलिंबाची पोटरीएवढी फांदी स्लॅबवरच्या सोलरवर आडवी आली होती. "हीच सावली धरतीय," त्यांनी निकाल दिला. गुडघ्यांमुळे ते स्लॅबवर चढत नसत. पण साखर कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर असलेल्या माणसाला खालूनही सगळं कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"फांद्या तोडणाऱ्या सोपानला फोन करते. तो चढंल झाडावर," कडूबाई म्हणाल्या.

"एका फांदीसाठी मानूस कशाला? अख्खी मिल खोलून बसवलीय मी."

"मिल जमिनीवर हुती."

तो दिवस हत्यार बनवण्यात गेला. मच्छिंद्रांनी दोन बांबू एकाला एक जोडून चार क्लिपा आवळल्या आणि टोकाला छाटणीची वाकडी करवत नट-बोल्टने कसली. लांबी अठरा फूट भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उभं केलं, तर माशाच्या गळासारखं वाकलं. करवत फांदी सोडून सगळीकडे जात होती. शेवटी एकदाची टेकली. आधी फांदीला खालून काप घ्यायचा, म्हणजे साल सोलत नाही, हे मच्छिंद्रांनी मोबाईलवर पाहिलं होतं. काप किती खोल घ्यायचा ते सांगायच्या आत जाहिरात लागली होती. करवत निम्म्यावर गेली आणि फांदीने आपल्याच वजनाने खाली बसून तिला घट्ट धरलं.

"अडकली?" कडूबाईंनी विचारलं.

"जॅम झाली. काढतो."

त्यांनी हिसका दिला. क्लिपा सुटल्या, खालचा बांबू हातात आला आणि त्याच्यासकट मच्छिंद्र घासलेल्या भांड्यांच्या टोपलीत बसले. वरचा बांबू फांदीला लटकत सोलरच्या काचेच्या नळ्यांकडे झुकू लागला. मच्छिंद्रांनी घाईघाईने खालच्या बांबूला आकडा बांधला आणि वरचा ओढून धरला. आता आकडाही वरच्या बांबूवर राहिलेल्या क्लिपेत अडकला. ओढलं तर काही खाली येईना, आणि सोडलं तर सगळं नळ्यांवर जाणार.

तेवढ्यात शेजारचे कानिफनाथ दुधाचा कॅन घेऊन डेअरीला निघाले होते.

"कानिफ, दोन मिनिटं धर. मला हात बदलायचाय."

कानिफनाथांनी कॅन ठेवून बांबू धरला. मच्छिंद्रांनी हात काढताच बांबूने कानिफनाथांना दोन पावलं भिंतीकडे नेलं. मच्छिंद्रांनी झडप घालून पुन्हा धरला. तो एकट्याला पेलणारा नव्हताच.

"माझं दूध," दहा मिनिटांनी कानिफनाथ म्हणाले. "नऊला डेअरी बंद हुती."

कडूबाईंनी कॅन उचलला. जाता जाता सोपानला फोन केला. तो राहुरीत होता, यायला तास लागणार होता. परत आल्यावर त्यांनी चहा दिला. एकाने चहा प्यायचा, तोवर दुसऱ्याने दात आवळून बांबू धरायचा, असा तो चहा झाला. गल्लीतून जाणाऱ्या राहीबाईंनी विचारलं, "पौषात कसली गुढी उभारली?"

सोपान आला. कुऱ्हाड घेऊन सरसर चढला आणि वर जाऊन थांबला.

"काका, ही फांदी कशापायी तोडायची?"

"सोलरवर सावली पडती तिची."

"हिची सावली तुमच्या डोक्यावर पडलीय. सोलरवर हाय ती टाकीची सावली. कानिफकाकांच्या माडीवर नवी काळी टाकी बसवलीय, तिची."

मच्छिंद्रांनी कानिफनाथांकडे पाहिलं. कानिफनाथ फांदीकडे पाहत होते.

"कधी बसवली?"

"गेल्या आठवड्यात."

"तुला ठावं हुतं?"

"आधी न्हवतं. तासभर वर बघत उभा हाय, तवा मगाशी ध्यानात आलं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुमी बांबू सोडला असता," कानिफनाथ म्हणाले.

हे खरं होतं. भांडायला हात मोकळे लागतात आणि दोघांचेही बांबूला होते. कडूबाईंनी मात्र ती संधी सोडली नाही.

"भावजी, टाकी कधी सरकवताय?"

"गवंडी आयतवारी येतो म्हनला."

"मग तोवर रोज दोन बादल्या गरम पानी, भिंतीवरनं."

कानिफनाथांनी मान डोलावली. निम्मी कापलेली फांदी ठेवण्यात अर्थ नव्हता. सोपानने ती दोर लावून उतरवली, करवतही सोडवली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला भिंतीवरून दोन बादल्या येऊ लागल्या. पाणी चुलीवरचं, वाफाळतं, वर लिंबाचा पाला टाकलेला. असं पाणी सोलरने चार वर्षांत दिलं नव्हतं.

रविवारी गवंडी आला. शिडी लावणार तोच मच्छिंद्र भिंतीपाशी येऊन हळूच म्हणाले, "गडबड न्हाई बरं का. थंडी सरल्यावर आलात तरी चालंल."