कपातली पिल्लं

"चहा कशातून देऊ? वाटीतून की गाळण्यातून?" घड्याळजींच्या बायकोनं विचारलं.

घरातले एकोणीसच्या एकोणीस कप ओट्यावर ओळीनं मांडलेले होते. प्रत्येकावर जाळीचं फडकं, फडक्याला रबर, आणि आत समुद्राच्या पाण्यात मटाराच्या दाण्याएवढं ऑक्टोपसचं एकेक पिल्लू. एकत्र ठेवली की ती एकमेकांना खातात, म्हणून ही बडदास्त.

"तीनच आठवडे अजून, मग समुद्रात सोडू," डोळ्यावरचं भिंग न काढता घड्याळजी म्हणाले. एका कपात ते चिमट्यानं जिवंत, इवलीशी कोळंबी सोडत होते.

"तीन आठवड्यांपूर्वीही तीनच म्हणाला होतात. देऊन टाका त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला!"

खरं तर पहिला कप तिनंच काढून दिला होता. कोळणीच्या टोपलीतून जिवंत आलेली पिल्लांची आई महिनाभर अन्नाला न शिवता अंड्यांची राखण करत बसली आणि ती फुटल्यावर गेली. उपासाचं मोल जाणणाऱ्या बाईच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं. पण ते आता कोण कबूल करतंय!

तिचा एक नेम होता. पहाटेच्या अंघोळीपासून आठ वाजेपर्यंत मौन. बारा वर्षांत खंड नाही. आठाच्या ठोक्याला पहिला शब्द निघायचा आणि घड्याळजी त्यावर भिंतीवरचं घड्याळ लावायचे. "घड्याळाला चावी लागते, हिला लागत नाही," असं ते गिऱ्हाइकांना सांगत.

अशात वन्सं राहायला आल्या. पहिल्याच दिवशी वाटीतून चहा प्याल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला त्यांनी ओटा आवरायला घेतला. घड्याळजींची बायको पूजा आटोपून आली तेव्हा सातवा कप पातेल्यात रिता होत होता.

"माणसांना वाट्या आणि किड्यांना कानाचे कप! कसलं हे घर!"

तिनं दोन्ही हात हलवले.

"काय? पाणी हवंय?"

तिनं आठ बोटं नाचवली.

"आठला नाश्ता? बरं बाई."

पिल्लं एकमेकांना खातील हे दाखवायला तिनं स्वतःच्या मनगटाचा चावा घेतला.

"अगोबाई, इतकी भूक? थांब, आत्ता करते."

असं म्हणून वन्संनी कान तुटलेला कप उचलला.

"वन्सं, छकुलीला हात लावाल तर खबरदार!"

वन्सं कपासकट खाली बसल्या. आतल्या खोलीत घड्याळजी दचकले. बायको बोलली म्हणजे आठ वाजले. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ चाळीस मिनिटं पुढे केलं, मनगटावरचं केलं आणि स्वयंपाकघरात न डोकावता दुकान गाठलं. तिथली सगळी घड्याळं एकजुटीनं मागे कशी, असं मनात येऊनही त्यांनी विश्वास ठेवला तो बायकोवरच. दुरुस्त झालेली अकरा घड्याळं त्यांनी त्याच वेळेवर लावून दिली.

इकडे ती चमच्यानं पातेलं ढवळत बसली. सातातली पाच पिल्लं सापडली. त्यातली दोन अंमळ जाड दिसत होती.

संध्याकाळी साडेसहाला घड्याळजी घरी आले ते कपाळाला आठ्या घालून. "अकरा गिऱ्हाइकं भांडून गेली! तू सकाळी आठाच्या आधी बोललीस?"

तिनं देवाकडे बघून हात जोडले आणि ओठांवर बोट ठेवलं.

"प्रायश्चित्त घेतलंय तिनं," वन्सं बॅग भरता भरता म्हणाल्या. "उद्या सकाळी आठपर्यंत चकार शब्द नाही. काय कमावलंस रे हे किडे पाळून?"

"खरंय, ताई. बास झालं!" घड्याळजी बायकोकडे वळले. "तुझंच खरं. उद्या सकाळी सातला सगळी पिल्लं प्रयोगशाळेत पोचवतो. काही म्हणायचंय? नाही ना? मौन म्हणजे संमती."

तिनं कान तुटलेल्या कपाकडे पाहिलं. छकुली काठाला चिकटून जाळीतून बाहेर बघत होती.

ती उठली, स्टूल ओढून वर चढली आणि घड्याळाची काच उघडून काटे फिरवू लागली. आठ ठोके पडले. ते आज रात्रीचे. तिनं काटे आणखी बारा तास पुढे फिरवले. पुन्हा आठ ठोके पडले, ते उद्या सकाळचे, मग ती खाली उतरली.

"छकुली कुठंही जाणार नाही," ती शांतपणे म्हणाली. "आणि अहो, उद्या येताना थोडे कप आणा."

घड्याळजींनी निमूटपणे मनगटावरच्या घड्याळाची चावी ओढली.