वासाला रकाना नाही

शुक्रवारी सकाळी अकराव्या किलोमीटरला मुद्रितशोधकांच्या नव्या गाडीतून जळका वास येत असल्याचे त्यांच्या निदर्शनास आले. दुसऱ्यांच्या छापील चुका शोधण्यात तीस वर्षे गेल्यामुळे त्यांचा स्वतःच्या नाकावर गाढ विश्वास होता. "घरात दूध उतू गेलेलं नाही, म्हणजे गाडीच," असा निर्वाळा बायकोनेही दिला. मेहुण्याचे मत पडले, "नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी जाईल वास."

पण नऊ दिवस होतेच कुठे? सोमवारी पहाटे लेक याच गाडीने, एकटी, घाट उतरून नव्या नोकरीवर रुजू होणार होती. गाडी तिच्यासाठीच घेतली होती. लेकीला बरोबर घेऊन मुद्रितशोधकांनी गाडी थेट सर्व्हिस सेंटरला नेली.

काउंटरवरच्या सल्लागारबाईंनी हसतमुखाने टॅबलेट उघडला. "बोला काका. आवाज, थरथर, दिवा की धूर?"

"वास."

"वासाला रकाना नाही. मी आवाजात घालते." आणि त्यांनी नोंद केली, 'ग्राहकास जळका आवाज येतो.' मुद्रितशोधकांचा हात सवयीने खिशातल्या लाल पेनकडे गेला. लेकीने तो धरून ठेवला.

मेकॅनिकने गाडीला संगणक जोडला. संगणक म्हणाला, सर्व ठीक. मेकॅनिकने मग बॉनेटजवळ वाकून भरभरून श्वास घेतला. "येतोय की वास," तो म्हणाला. "पण मशीनला येत नाही. म्हणजे कागदोपत्री येत नाही."

"मग बॉनेट उघडून बघा ना."

"बिघाडाच्या कोडशिवाय बॉनेट उघडलं तर वॉरंटी जाते. तुम्ही उघडलं तरी जाते, मी उघडलं तरी जाते."

प्रकरण घ्राण-पडताळणी समितीकडे गेले. समितीत तीन सभासद होते. अध्यक्षांना आठवडाभर सर्दी होती. दुसरे वीस वर्षे रंगखात्यात काढून आल्याने त्यांना नाक केवळ चष्म्यासाठी उरले होते. तिसरे नव्याने नोकरीला लागले होते, त्यामुळे अध्यक्षांना जे येईल तेच त्यांना येत असे. समितीने गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि एकमताने अहवाल दिला : वास आढळला नाही, आढळल्यास तो नवेपणाचा समजावा.

अहवालावर तिघांच्या सह्या होत असतानाच बॉनेटच्या फटीतून धूर आला.

सल्लागारबाईंचा चेहरा उजळला. "धूर! काका, धुराला कोड आहे."

"मग करा नोंद, लवकर."

"करते ना. फक्त आधीची आवाजाची तक्रार बंद करावी लागेल. समाधान किती, एक ते दहा?"

"शून्य."

"दहाच्या खाली गेलं की चौकशी लागते," त्या मायेने म्हणाल्या. "गाडी तीन आठवडे इथं राहते."

"बाबा, खरं तेच लिहा," लेक म्हणाली. "मी जाईन बसनं."

पहिल्याच दिवशी लेक दोन बस बदलून, धापा टाकत नव्या साहेबासमोर उभी राहणार, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आले. त्यांनी दहा गुण दिले. आयुष्यात प्रथमच त्यांनी डोळ्यांदेखत एक चूक तशीच राहू दिली होती, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

बॉनेट रीतसर उघडले. इंजिनाच्या तापलेल्या नळीवर एक प्लास्टिकची पिशवी वितळून चिकटली होती. मेकॅनिकने ती खरवडून काढली. आत गाडीचे तपासणीपत्र होते. अर्धे जळले होते, तरी 'इंजिनाजवळ कोणतीही वस्तू राहिलेली नाही' या ओळीपुढची बरोबरची खूण वाचता येत होती.

मुद्रितशोधकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तोवर मेकॅनिकने नवे तपासणीपत्र नव्या पिशवीत घालून त्याच नळीवर ठेवले होते.

"अहो, पुन्हा तिथंच?"

"तपासणीपत्राची जागा तीच ठरलेली आहे. बॉनेट उघडल्याबरोबर दिसायला पाहिजे." मेकॅनिकने बॉनेट बंद केले आणि त्यावर सील लावले.

मुद्रितशोधकांनी धुराच्या तक्रारीलाही दहा गुण दिले, गाडी बाहेर काढली आणि पहिल्या वळणावर थांबवली. सील तोडून बॉनेट उघडले, पिशवी उचलली आणि मागच्या सीटवर टाकली. वॉरंटी गेली, पण लेकीचा घाट निर्धास्त झाला. तिला मात्र सोमवारी साडेनऊपर्यंत त्यांनी चार वेळा फोन केला.

ती सुखरूप पोहोचली. दुपारी कंपनीचा निरोप आला : 'आपण दिलेल्या दहापैकी दहा गुणांबद्दल आभार. आपला अभिप्राय वाचून गेल्या तीन दिवसांत एकतीस जणांनी हीच गाडी पसंत केली आहे.'

या एकतीस जणांना गाठून खरे सांगावे, असे मुद्रितशोधकांच्या फार मनात होते. पण कंपनी नावे देत नाही. तेव्हा तुम्हीही नुकतीच गुण बघून गाडी घेतली असेल, तर एकदा खाली उतरून वास घ्या. काही आलेच, तर तुम्हीही दहाच गुण द्याल, याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही.