आढ्याकडे बघणारे बाबूकाका

बाबूकाका माणसाची चौकशी करत नसत, घराची करत. रस्त्यात भेटले की विचारत, "वासे काय म्हणतात?" उत्तर द्यावेच लागे. "बरे आहेत" म्हटले की ते समाधानाने पुढे जात. त्याच घरात कोणी आजारी आहे, हे त्यांना महिनाभराने कळे.

पोस्टातून निवृत्त झालेला हा किडकिडीत माणूस. रत्नागिरीच्या आमच्या पेठेतली जुनी घरे आपल्याच नावावर आहेत, असे त्यांचे वागणे. खाली दुकान, वर लाकडी सज्जा, जांभ्याच्या भिंती, उतरती कौले. कोणी चिऱ्यावर सिमेंट थापायला घेतले की काका हजर. "मेल्या, भर मे महिन्यात भिंतीला लोकरीची बंडी घालतोस?"

एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले. परत येऊन म्हणाले, "आढं अखंड सागाचं आहे. स्थळ सोडू नका." मुलगी कशी आहे, ते सांगता येईना. ती पोहे घेऊन आली तेव्हा काका वर बघत होते. लग्न झाले, आणि संसारही त्या आढ्यासारखाच टिकला.

पेठेत तेव्हा स्लॅबचे वारे होते. दर दिवाळीनंतर एखादा सज्जा खाली येई. सर्वांत देखणा सज्जा हमीदचा. तो बोटीवर नोकरीला. सुट्टीत आला आणि त्याने मोजमापाला गवंडी बोलावला. काका धावत गेले.

"सज्जा तुम्हाला देखणा, काका," हमीद म्हणाला. "पाणी माझ्या आईच्या खाटेवर पडतं. मी बोटीवर, ती एकटी टोप घेऊन घरभर फिरते."

"कौलं परतून घे."

"परतली. तरी गळतं."

"नीट परतली नसतील."

कौले परतणारा गडी तिथेच उभा होता. "खालून बोलायला काय जातंय, काका? वर या."

काका आयुष्यभर छपरांबद्दल बोलले होते, छपरावर कधी चढले नव्हते. त्या दिवशी धोतर खोचून चढले आणि घोड्यावर बसावे तसे आढ्यावर बसले. तिथून त्यांना खिळे दिसले. घरात टीव्ही आला तेव्हा अँटेनाच्या तारा ताणायला कोणीतरी ते थेट कौलांतून ठोकले होते. पावसाचे पाणी त्या खिळ्यांवरून आत उतरत असे.

"हमीद," काका वरून म्हणाले, "घर गळत नाही रे. तुझा टीव्ही गळतोय."

उतरणे मात्र जमेना. हमीदच्या आईने टोपलीतून चहा-भाकरी वर पाठवली. ती खाऊन झाल्यावर गड्याने काकांना पाठीवर घेऊन खाली आणले.

खिळे निघाले, भोके पडलेली कौले बदलली, अँटेना परसातल्या बांबूवर गेला. "हा पावसाळा बघतो," हमीद म्हणाला. "एक थेंब पडला तरी सज्जा पाडणार." आणि बोटीवर गेला.

पावसाळाभर काका रोज दुपारी त्या घरी छप्पर तपासायला जात. श्रावणात एकदा ते तापाने पडले. हमीदच्या आईने दिलेली पेज घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेलो. भावांच्या वाटणीत घर पाडले गेल्यापासून ते पेठेमागच्या नव्या इमारतीत एकटे राहत. वर स्लॅब होता. कोपऱ्यात बादली ठेवलेली, आणि तीत टपटप चालू. पेज संपेपर्यंत काकांनी एकदाही वर बघितले नाही. एवढेच विचारले, "तिकडे आज गळलं नाही ना?"

गळले नव्हते. पुढेही गळले नाही. गणपती गेले, पाऊस सरला, काकांची तपासणी चालूच राहिली.

"आता कुठला पाऊस, काका?" हमीदची आई विचारी.

"खात्री केलेली बरी."

आणि सज्ज्यात खुर्ची सरकवून देई.

हमीद दिवाळीनंतर आला. त्याने गवंड्याऐवजी सुतार बोलावला आणि सज्ज्याच्या लाकडाला तेलपाणी करून घेतले. खुर्ची कायमची तिथेच राहिली.

परवा पेठेतून जाताना वरून हाक आली. "काय रे, बरा आहेस ना?"

"बरे आहेत वासे," मी सवयीने म्हणालो.

काका कठड्यावरून खाली वाकले. "वासे नाही रे. तू."