एक बाही राहिलीय, अष्टे

सुभद्राक्कांनी माझ्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर आजवर नागपूरनं पाहिलाय, सांगलीनं पाहिलाय, इंदूरनं पाहिलाय, आणि शिकागोच्या कुणा वैजूताईंनी तर त्याच्यावर फोनमधल्या लाल बदामांचा पाऊस पाडलाय. पाहिला नाही तो फक्त मी. म्हणजे अंगावर. आता अंगावर यायचा तर स्वेटर आधी पुरा व्हायला नको का?

"एक बाही राहिलीय, अष्टे," अक्का म्हणतात. अष्टे म्हणजे कानडीत ‘एवढंच’. म्हैसूरला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहायला आलो, त्या वर्षीही एकच बाही राहिली होती. त्यानंतर आमची स्कूटर जाऊन गाडी आली, माझे पुढचे केस गेले ते परत आले नाहीत, आणि बाही होती तिथंच राहिली.

अक्का मूळच्या इथल्याच. त्यांच्या घराण्यात पूर्वी कापड रंगवायचा धंदा होता. धंदा बुडाला, घरातली मराठी तेवढी टिकली, आणि तिच्यात कानडी अशी मुरली की वाक्य कुठून निघून कुठं उतरेल याचा नेम नाही. आम्ही पुण्याची माणसं. कंपनीनं मला इथल्या हेब्बाळ भागातल्या ऑफिसात आणून टाकलं म्हणून इकडं आलो. पहिल्याच दिवशी अक्का आम्हाला म्हणाल्या, "वर-खाली करताना सुम्ने येत जा की रे. बेल कशाला मारता?" सुम्ने म्हणजे उगीच, काही काम नसताना. आमच्याकडं काम असलं तरी लोक आधी फोन करून विचारतात. मला आणि मुग्धाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे सुम्ने प्रकरण पचायला बरेच दिवस लागले.

मुळात म्हैसुरात स्वेटर लागतो कशाला, हा माझा पहिला प्रश्न होता. डिसेंबरात पहाटे जरा गारवा, नऊ वाजता पंखा. पण अक्कांचे यजमान गेले, एकुलता एक मुलगा सिडनीला स्थायिक झाला, आणि जाताना तो आईच्या हातात एक चांगला मोठा फोन देऊन गेला. त्या फोनमधून कुणीतरी अक्कांना ‘सुई-लोकर संसार’ नावाच्या ग्रुपवर घातलं. तिथंच सगळा घोटाळा झाला.

त्याआधी अक्का विणायच्या, असं गल्लीतले लोक शपथेवर सांगतात. समोरच्या घरातल्या सगळ्या पोरांची कानटोपडी त्यांच्याच हातची. ग्रुपवर गेल्यापासून मात्र विणायला वेळ कुठला? सकाळी उठलं की आधी सगळ्यांच्या लोकरींना नमस्कार. मग कुणीतरी नव्या लडीचा फोटो टाकणार, त्यावर रंगाची चर्चा. रंग हा अक्कांचा प्रांत. बाकीच्या बायका "निळा छान आहे" म्हणून मोकळ्या होतात. अक्का लिहिणार, "हा पहिल्या बुडीचा निळा. माझा तिसऱ्या बुडीचा." कापड निळीत किती वेळा बुडवलं त्यावरून त्यांच्या आजोबांच्या घरात निळ्या रंगाची नावं पडायची. ग्रुप यावर फिदा. आता इंदूरच्या बायकाही दुकानात जाऊन तिसऱ्या बुडीचा निळा मागतात आणि दुकानदाराचं डोकं खातात.

दुपारी भांडणं. लाकडी सुया बऱ्या की स्टीलच्या, यावर दोन तट. क्रोशावाल्यांना ग्रुपमध्ये ठेवायचं की नाही, यावर तर एकदा सहा जणी ग्रुप सोडून गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. अक्का अ‍ॅडमिन. त्यांना रुसलेल्यांच्या समजुती काढाव्या लागतात. एवढ्यात ‘चला सोबत विणू या’ची वेळ होते. यात सगळ्यांनी एकाच वेळी विणायचं असतं. मी एकदा शेजारी बसून पाहिलं. बायका दोन तास "मी बसले", "मीही बसले", "चहा घेऊन बसते", "सुई सापडेना" असं लिहीत होत्या. शेवटी सगळ्यांनी एकमेकींना छान विणलंत म्हणून शाबासकी दिली आणि सभा उठली.

आणि फोटो! ती एकुलती बाही तुळशीकट्ट्यावर, मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, गजऱ्याशेजारी, कॉफीच्या पेल्याला टेकून, दसऱ्याच्या रोषणाईत. शेवटी नागपूरहून एकीनं काळजीनं विचारलं, "अक्का, ज्यांच्यासाठी विणताय त्यांना हात किती आहेत?"

मला विचाराल तर त्या हातांना भरपूर काम होतं. लोकरीची लडी उलगडून तिचा गुंडा करायचा, तर समोर कुणीतरी दोन्ही हात पसरून बसावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. कंपनीच्या बसमधून उतरलो की फाटकातच हाक यायची, "आलास? ये, हात दे." मग मी कैद्यासारखा हात पुढं करून तासभर बसायचो. खिशात मॅनेजरचा फोन वाजायचा, नाकावर माशी बसायची, आणि अक्का गुंडाळत गुंडाळत ग्रुपवरच्या बातम्या सांगायच्या. वैजूताईंच्या सुनेचं काय झालं, हे मला माझ्या सख्ख्या बहिणीच्या सासरच्या बातम्यांपेक्षा जास्त माहीत आहे.

दुसरं काम मापाचं. दर दोन-तीन महिन्यांनी अक्का टेप घेऊन बोलवायच्या. पण माप रिकाम्या पोटी घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. आधी ओब्बट्टू, म्हणजे आपली पुरणपोळी, वर तूप. "अजून एक घे रे. स्वल्प." स्वल्प म्हणजे थोडंसं, पण त्यांच्या हातचं स्वल्प ताटाबाहेर जातं. ते खाऊन मी जेमतेम उभा राहिलो की टेप पोटाभोवती फिरायचा आणि अक्का समाधानानं मान हलवायच्या. "वाढलंय. पाठ उसवायला लागणार." असं हे चक्र. मुग्धा म्हणाली, "अरे, त्या तुला वाढवतायत आणि स्वेटर उसवतायत. हा स्वेटर या जन्मात होत नाही."

गेल्या वर्षी तर ग्रुपची प्रत्यक्ष भेट ठरली. पाच जणी कुठून कुठून म्हैसूरला आल्या. अक्कांनी बेत केला की तलकाडला जायचं, कावेरीच्या काठी वाळूत बसायचं आणि निवांत विणायचं. गाडी अर्थात माझी. तलकाडला देवळं वाळूखाली गेलेली. उतरून खाली दर्शन घ्यायचं. दर्शन झालं, मग वाळूच्या उतारावर सतरंजी पसरली, पिशव्या उघडल्या. आता विणणार म्हणून मी घड्याळ बघितलं.

आधी सगळ्या लोकरींचा एकत्र फोटो झाला. मग नदी मागं धरून फोटो. मग सांगलीच्या बाईंचे डोळे मिटले म्हणून परत. तेवढ्यात माझ्या स्वेटरचा तिसऱ्या बुडीचा गुंडा सतरंजीवरून सुटला आणि उतारावरून जो निघाला, तो थांबायचं नावच घेईना. "धर रे, धर," म्हणत अक्का पळाल्या, त्यांच्यामागं पाच जणी साड्या सावरत, आणि सगळ्यांच्या मागं दोरा गोळा करत मी. देवळात आलेले लोक कडेला उभे राहून बघत होते. गुंडा पाण्यापाशी जाऊन थांबला. पाऊण तास आम्ही हसत होतो. इतकं हसलो की पोट धरून वाळूतच बसलो. विणलं कुणी? एक टाका नाही. परतताना पाचही जणी म्हणाल्या, "कित्ती दिवसांनी मनसोक्त विणकाम झालं."

तर असं सगळं मजेत चाललं होतं, आणि कंपनीनं मला दोन वर्षांसाठी पोलंडला पाठवायचं ठरवलं. वरचा मजला सोडावा लागणार होता. अक्कांना सांगायला आम्ही दोघं खाली गेलो. त्या शेंगा सोलत होत्या.

"कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"थंडी असते तिथं?"

"बर्फ पडतो, अक्का."

त्यांनी एक शेंग सोलली. दाणे तेवढे टोपलीत न पडता खाली पडले. "मग स्वेटर पायजे," त्या म्हणाल्या. "एक बाही राहिलीय, अष्टे."

ग्रुपवर हाहाकार झाला. अक्कांनी लिहिलं की मुंढ्यापाशी, म्हणजे बाही खांद्याला जोडते तिथं, टाके कमी कसे करायचे ते मला जमत नाही, पोराला बर्फात जायचंय, काय करू? झालं. दिवसभर फोन वाजत होता. नागपूर एक पद्धत सांगतंय, सांगली म्हणतेय तसं मुळीच करू नका, शिकागोहून वैजूताई कॅमेऱ्यासमोर विणून दाखवतायत. आमच्याकडं खोकी भरली जात होती आणि खाली बाही जागच्या जागी. खरं सांगतो, मला थोडा रागच आला. ज्या बाईनं गल्लीतल्या पोरांच्या टोप्या विणल्या, तिला एक मुंढा जमू नये? आणि माझं जाणं तिला या बायकांच्या गप्पांपेक्षा कमी वाटावं?

निघायला चार-पाच दिवस होते. मी रजा टाकून घरीच आवराआवर करत होतो. भरदुपारी खाली गेलो. बेल मारायची नाही, हे आता अंगवळणी पडलेलं. दारातच थांबलो.

अक्का पाठमोऱ्या बसल्या होत्या. फोन खांद्यानं कानाशी धरलेला. "अय्यो, तेच जमत नाही बघ मला. दोन टाके एकत्र घ्यायचे? कुठले दोन? तू सांग, मी ऐकते," असं कुणाला तरी विनवणं चाललं होतं. आणि हातांत सुया खटाखट चालल्या होत्या. खाली न बघता, एका बाजूनं टाके कमी, दुसऱ्या बाजूनं कमी. मुंढा असा सुरेख वळत होता की मशीननंही मान खाली घालावी. पलीकडच्या बाईचं सांगून व्हायच्या आत बाही पुरी झाली. अक्का म्हणाल्या, "तुला माझ्यामुळं त्रास. उद्या परत फोन करशील ना? विसरशील नाहीतर." फोन ठेवला. मग त्यांनी सुई काढून घेतली आणि दोरा ओढला. मुंढा सरसर उसवत गेला.

मी हललो असेन. त्यांनी वळून पाहिलं.

"आलास? ये. हात दे," त्या म्हणाल्या. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. मी समोर बसलो, हात पसरले. त्या उसवलेली लोकर माझ्या हातांवर गुंडाळायला लागल्या. मागं कपाटाचं दार उघडं होतं. आत लोकर गुंडाळायचं छोटं मशीन, त्यावरची प्लास्टिकची पिशवीसुद्धा न काढलेली.

"हे कधी घेतलंत?"

"मुलानं पाठवलं. मागंच." गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "ते बोलत नाही रे."

मी हात जरा पुढं केले. त्याच बोलल्या. "पहिल्यांदा मी विणून विणून टाकायचे ग्रुपवर. स्वेटर झाला म्हणून टाकलं की अंगठे यायचे. चांगला म्हणायच्या, अष्टे. दुसऱ्या दिवशी कुणाला आठवण नाही. मग एकदा खरंच अडकले. अय्यो, किती फोन आले. जेवलीस का विचारलं एकीनं. तेव्हापासून अडकते."

"आणि माझा स्वेटर?"

"झाला की तू मापाला कशाला येशील?" त्या सहज म्हणाल्या, जसं काही मलाच हे आधी कळायला हवं होतं. "न झाला तरी तू जाणारच. ते कळतंय मला. तेवढी वेडी नाही मी."

मला भरून आलं. डोळे पुसायची सोय नव्हती, दोन्ही हात लोकरीत अडकलेले. अक्कांनीच पदरानं माझं नाक पुसलं, माशी बसल्यावर पुसायच्या तसं.

निघायच्या दिवशी त्यांनी एक पुडकं दिलं. पोलंडला जाऊन उघडलं. माझा स्वेटर. पाठ, पोट, गळा, सगळं नेटकं, पोटाला जरा सैलच. आणि बाही एकच. खाली एक निळा गुंडा आणि दोन सुया. स्वेटर झटकला तर फरशीवर तलकाडची वाळू सांडली. इतक्या वेळा उसवूनही ती राहिली कशी, देव जाणे. मुग्धा झाडू आणायला निघाली तर मी तिला थांबवलं.

एक बाही घालून मी त्या थंडीत उभा राहिलो, फोटो काढला आणि ‘सुई-लोकर संसार’मध्ये शिरलो. ग्रुपवरचा पहिला पुरुष, म्हणून आधी मतदान झालं. मी लिहिलं, "एक बाही राहिलीय. सुई कशी धरायची?" अर्ध्या महाराष्ट्रानं सल्ले पाठवले. कुणालाच उत्तर दिलं नाही. संध्याकाळी फोन वाजला.

"काय रे, कुठं अडकलास? जेवलास का?"

तेव्हापासून मी दर रविवारी अडकतो. अक्का तिकडून सांगतात, मी इकडून चुकतो. सुलट म्हटलं की उलट घेतो, टाका गाळतो, त्या हसतात, मग गल्लीतलं सगळं सांगतात. वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत, ते बेल मारतात. "सांगितलंय त्यांना, सुम्ने या म्हणून. येतील हळूहळू."

"अक्का, बाही कधी व्हायची हो माझी?" मी परवा विचारलं.

"घाई काय आहे? परत आलास की माप बघू," त्या म्हणाल्या.

मुग्धा शेजारीच बसली होती. माझ्या मांडीवर दुसरी बाही पुरी होऊन पडली होती, मुंढ्यासकट, आदल्याच दिवशी झालेली. तिनं भुवया उंचावून माझ्याकडं पाहिलं. मी फोन खांद्यानं कानाशी धरला, सुई काढून घेतली आणि दोरा ओढला.

"अक्का," मी म्हटलं, "ते मुंढ्याचं मला परत एकदा सांगा."