शेठचे खडे

तानाजी मेस्त्रींच्या डाव्या मूत्रपिंडात एक खडा होता आणि त्यांच्या मते तो ऑपरेशनशिवाय पडणार होता. डॉक्टरांचं मत वेगळं होतं. त्यांनी पुढच्या सोमवारची तारीखही देऊन टाकली होती. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून जन्मभर दुसऱ्यांच्या कामात खोट काढलेल्या माणसाला आता स्वतःच टेबलावर आडवं व्हायचं होतं. खरं सांगायचं तर तानाजीराव घाबरले होते.

नेमकं तेव्हाच शेठने खाणं सोडलं. शेठ म्हणजे त्यांच्या मुलीने, प्राचीने, डोंबिवलीच्या घरात काचेच्या टाकीत पाळलेला क्रेफिश. गोड्या पाण्यातल्या छोट्या शेवंडीसारखा, दोन नांग्यांचा प्राणी. प्राची ऑफिसच्या कामाला बंगलोरला गेलेली, त्यामुळे शेठची जबाबदारी बाबांवर आली. बाबांनी त्याला डब्यात घालून प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं आणि हट्टाने एक्स-रे काढायला लावला. पोटात दोन पांढरे ठिपके दिसले.

"खडे आहेत," डॉक्टर म्हणाले, "पण त्याचं असं आहे की..."

पुढचं तानाजीरावांनी ऐकलंच नाही. समोरच्याचं अर्धं वाक्य ऐकून उरलेलं आपणच पूर्ण करायची त्यांना जुनी सवय होती.

"शीला, शेठला मुतखडा झालाय. दोन आहेत," घरात शिरताच त्यांनी बायकोला सांगितलं. "कुळीथ भिजत घाल. कढण करून रोज टाकीत ओतायचं."

"टाकीत? अहो, पाणी नासेल. मरेल तो."

"काही मरत नाही. गावाला आमच्या आजोबांचा खडा कढणानेच पडलेला. शेठचे पडले ना, की माझा सोमवार कॅन्सल."

शीलाताईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "बरं. पण मी बघते काय ते. तुम्ही टाकीपाशी वाकू नका, कळ येईल."

बातमी बिल्डिंगभर झाली. तळमजल्यावरच्या मीराबाईंनी पानफुटीची पानं पाठवली, वरच्या दिपेशने जवाचं पाणी सुचवलं. लिफ्टमध्ये लोक थांबवून विचारू लागले, "शेठचं कसं काय?" तानाजीरावांच्या खड्याची इतकी चौकशी कुणी केली नव्हती. पण ते खुशीत होते, दोन घास जास्तच जेवत होते. "आमटी मस्त होते हल्ली," असं म्हणून वाटी पुन्हा पुढे करत होते.

रविवारी सकाळी टाकीच्या तळाशी शेठ उलटा पडलेला दिसला. नांग्या, मिशा, सगळं जागच्या जागी, पण हालचाल नाही. तानाजीराव मटकन खाली बसले. "मारला गं मी त्याला," ते म्हणाले. तेवढ्यात टाकीतल्या फुटक्या कुंडीतून फिकट, लिबलिबीत असा दुसरा शेठ बाहेर डोकावला. तळाशी होतं ते नुसतं कवच.

त्यांनी डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. "डॉक्टर, शेठ नवा होऊन आलाय. खडे कुठे गेले?"

"विरघळले असणार. कारण..."

"विरघळले!" म्हणत तानाजीरावांनी फोन बायकोच्या हातात कोंबला आणि ते बिल्डिंगला सांगायला धावले. पुढचं कारण शीलाताईंनी एकट्यांनीच ऐकलं. कात टाकायच्या आधी हा प्राणी जुन्या कवचातलं कॅल्शियम काढून पोटात खड्यांच्या रूपात साठवतो. कात टाकली की खडे पोटात विरघळतात आणि तेच कॅल्शियम नवं कवच टणक करायला लागतं. "त्या दिवशी हेच सांगत होतो," डॉक्टर म्हणाले.

तानाजीराव विजयी मुद्रेने परतले. "सोमवार कॅन्सल. आजपासून कढण मला सुरू कर."

"तुमचं आठवडाभर चालूच आहे."

"म्हणजे?"

"शेठच्या टाकीत मी थेंबसुद्धा घातला नाही. सगळं कढण तुमच्या आमटीत जात होतं. म्हटलं, पडला तर तुमचाच पडू दे."

तानाजीरावांचा हात आपोआप डाव्या कुशीवर गेला. कळ तशीच होती, म्हणजे खडा जागेवरच होता. शीलाताईंनी हॉस्पिटलची पिशवी आणून त्यांच्यापुढे ठेवली.

इतक्यात दार वाजलं. मीराबाई रिकामं पातेलं घेऊन उभ्या होत्या. "आमच्या ह्यांना पण खडा निघालाय. शेठचं कढण मिळेल का थोडं?"

"रिकाम्या पोटी घ्या म्हणावं," तानाजीराव म्हणाले, "आठवड्यात फरक पडतो." आणि बायकोकडे न बघता त्यांनी पिशवीत टॉवेल ठेवला.