दाणे आणि ताक

नेमणुकीचं पत्र घेऊन मी अकोल्याच्या तारघरात पहिल्यांदा गेले, तेव्हा दारातच एका गृहस्थांनी ते माझ्या हातातून घेतलं, उजेडाकडे धरलं, उलटं करून पाहिलं आणि मग चक्क त्याचा वास घेतला.

"शाई ताजी हाय," ते म्हणाले. "बाई, ह्या कागदावरच्या बाई म्हनजे तुमीच, कशावरून?"

मी अमरावतीची. असल्या प्रश्नाने गांगरून जायची आमच्याकडे पद्धत नाही. "आणि तुम्ही इथले नोकर, कशावरून?" मी विचारलं. त्यावर ते एकदम खूश झाले. "बरोबर हाय. मानसानं इचारलं पाह्यजे," असं म्हणून त्यांनी मला साहेबांच्या खोलीपर्यंत नेऊन सोडलं. वाटेत एकदा मागे वळून मी खरंच येते आहे ना, हेही पाहिलं.

हे वानखडेबाबू. तारेच्या यंत्रावर बसायचे. मी परगावचे टेलिफोन जोडायच्या ट्रंक बोर्डावर लागले. आमच्या दोघांच्या मध्ये एक लाकडी पार्टिशन होतं. तिकडे त्यांची दिवसभर कट्ट-कडकट्ट चालायची आणि इकडे माझं "हॅलो, हॅलो, मोठ्यानं बोला".

वानखडेबाबूंचा जगात कशावरही विश्वास नव्हता. दूधवाला दुधात पाणी घालतो, हे सगळ्या जगाला ठाऊक असतं. बाबू त्याला म्हैस दारात आणून पिळायला लावायचे. तरी चहा पिताना कपात बघत म्हणायचे, "येतानी मोर्ना नदीवर म्हशीलेच पानी पाजून आनलं असन."

पण त्यांचा खरा संशय होता तो माझ्या टेलिफोनवर. एकदा साहेबांनी बंगल्यावरून फोन करून त्यांना सांगितलं की रजा मंजूर आहे. बाबूंनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरून विचारलं, "तुमी साहेबच कशावरून?" साहेब भडकले. बाबू शांतपणे म्हणाले, "रागावता तं तसेच, पन रागावाची नक्कल कोनीबी करते." शेवटी साहेबांनी शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवली, तेव्हा बाबू रजेवर गेले.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना डिवचायची. फोनने तुमचं काय घोडं मारलं, म्हणायची. मग ते डब्यातली भाकरी बाजूला ठेवून मला समजावायचे.

"हे पाहा बाई. तार म्हनजे दाने. तुरीचा दाना एक तं हाय, नाई तं नाई. अर्धा दाना कोनी पाठवत नाही. मुंबईहून निघालेली तार भुसावळले थकली, तं तिथला बाबू तिले आयकते अन् पुन्हा नव्यानं ठोकते. नवी कोरी. अकोल्याले येते ते जशी निघाली तशीच. अन् तुमचा फोन म्हनजे ताक. मानसाचा आवाज तारेवर सांडत-लवंडत येते. थकला की तुमी त्याले मशीन लावून मोठा करता. पन वाटंत जे पानी पडलं, थे बी मोठं होते ना? ही जी खरखर हाय, हे पानी हाय. ताकात किती पानी, सांगा बरं कोनाले समजते?"

आता ह्या दाण्यांना आणि ताकाला पुस्तकांत डिजिटल आणि अॅनालॉग अशी नावं आहेत. पण ती नावं ऐकली की मला अजून बाबूंच्या डब्यातली भाकरीच दिसते.

ह्या संशयी माणसाचा भरवसा होता तो फक्त एका माणसावर, आणि त्याला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. अमरावतीच्या तारघरातले खानसाहेब. लाइन मोकळी असली की हे दोघे यंत्रावर गप्पा मारायचे. अक्षरं इंग्रजी, भाषा अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी. नियमात ते बसत नव्हतं, पण सगळेच तारबाबू ते करायचे. यंत्र वाजायला लागलं की पहिल्या दोन ठोक्यांत बाबू म्हणायचे, "खानाचा हात हाय." गळ्यासारखी हातालाही ओळख असते म्हणे.

बाबूंची बायको लवकर गेली होती. एकच मुलगी, सुमन. तिला त्यांनी एकट्याने वाढवलं होतं. तिच्या लग्नाच्या वेळी त्यांनी मुलाकडच्यांची जी तपासणी केली, ती पोलिसांनीही चोराची केली नसती. अमरावतीला जाऊन त्यांच्या विहिरीवर बायकांना विचारलं, वाण्याला विचारलं, कणगीत हात घालून खालची ज्वारीही किडकी नाही ना ते पाहिलं. मग कुठे हो म्हटलं.

लग्नानंतर सुमनची पत्रं येत. पण ती पत्रं आधी सासरा वाचतो, हे कळल्यावर बाबूंनी पत्रांवर विश्वास ठेवणं सोडलं. योगायोगाने खानसाहेबांचं घर त्याच गल्लीत निघालं. त्यांच्या बेगमला सुमन नळावर भेटायची. त्या विचारायच्या, सुमन सांगायची, खानसाहेब संध्याकाळी लाइन मोकळी झाली की ठोकायचे: सुमन बरी आहे. पार्टिशनच्या पलीकडून कट्ट-कडकट्ट थांबली की बाबूंचा आवाज यायचा, "बरी हाय." कोणाला उद्देशून नाही. आपलं असंच. मग ते टोपी घालून घरी जायचे. हे रोज चालायचं, आणि मला त्याची इतकी सवय झाली होती की त्या शब्दावरच मी माझी पिशवी आवरायला घ्यायची.

पहिल्या नागपंचमीला लेकीला माहेरी आणायची रीत. बाबूंनी घर सारवून घेतलं, झाडाला झोका बांधला, आणि आणायला येतो म्हणून सासरी कळवलं. सासऱ्याचं उत्तर आलं: सुमनला यायचं नाही, ती इथेच खुशीत आहे.

"कशावरून?" बाबू माझ्या बोर्डाशी येऊन म्हणाले, जसं काही पत्र मीच लिहिलं होतं.

त्यांनी खानसाहेबांना गाठलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बेगम बाजाराच्या निमित्ताने सुमनला घेऊन थेट अमरावतीच्या तारघरात आल्या. यंत्र वाजलं. बाबूंनी मला हाक मारली. "खान म्हनते, पोरगी समोर उभी हाय." त्यांनी ठोकून विचारलं. उत्तर लगेच आलं. "बरी हाय म्हनते. यंदा येत नाही म्हनते. बाबा, येऊ नका म्हनते."

त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली. खानाचा हात, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. प्रश्न संपला.

माझा मात्र संपला नव्हता. मीही एका बापाची लेक. पहिल्या पंचमीला मुलगी माहेरी येत नाही म्हणते, आणि सगळ्या दुनियेवर संशय घेणारा हा माणूस ते निमूट ऐकून घेतो, ह्याचा मला रागच आला. "बाबू," मी म्हटलं, "तिथं पलीकडच्या खोलीत माझी मैत्रीण बोर्डावर आहे. लाइन मोकळी आहे. लेकीशी बोला."

"आवाजाचा भरोसा नाही, बाई."

"नका ठेवू भरोसा. पण लग्न झाल्यापासून तुम्ही तिचा आवाज ऐकलाय का?"

ते उठले. मग पार्टिशनला वळसा घालून आले आणि माझ्या खुर्चीच्या टोकावर बसले. मी लाइन जोडली. पावसाळ्याचे दिवस, खरखर भयंकर होती. बाबूंनी पहिल्यांदाच रिसीव्हर कानाला घट्ट लावला.

"सुमन. म्या बोलतो. बरी हायस ना, माय?"

मलाही ऐकू येत होतं. खरखर, खरखर, आणि मग लांबून, "हो बाबा. मी बरी हाय."

बाबूंनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. मला वाटलं, आता ताकाचं व्याख्यान ऐकावं लागणार. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बरी हाय म्हनाच्या आधी तिनं श्वास घेतला," ते म्हणाले. "बऱ्या मानसाले त्याच्यासाठी श्वास घ्या लागत नाही. लहानपनी पडली की अशीच म्हने." आणि मग हळूच म्हणाले, "खानानं ती म्हनली तेच ठोकलं. म्याबी तेच लिहून घेतलं. रोज. अन् पोरगी तिथं रडून राहिली होती."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी टोपी उचलली, साहेबांना न विचारता पायऱ्या उतरले आणि अमरावतीची बस पकडली.

पुढचं मला माझ्या मैत्रिणीकडून कळलं. बाबू आधी तिथल्या तारघरात गेले, साक्षीला खानसाहेबांना बरोबर न्यावं म्हणून. एक दाढीवाले गृहस्थ "आइए, वानखडेबाबू" म्हणत उठले, तर हे म्हणतात, "तुमी खान कशावरून?" खानसाहेबांनी नखाने टेबलावर चार ठोके दिले. मग दोघे एकमेकांचे हात धरून बराच वेळ उभे होते.

सासरच्या दारात सासरा म्हणाला, पोरीला यायचं नाही. बाबू म्हणाले, "कशावरून?" तो म्हणाला, ती स्वतःच सांगते. बाबू ओट्यावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "तिले माह्यासमोर उभी करा. मले तिचं बोलनं नाही आयकाचं. तिले फक्त पाहाचं हाय." खानसाहेबही शेजारी बसले. गल्ली जमायला लागली, तेव्हा आतून सुमन बाहेर आली. हातात पिशवी होती.

पंचमी झाली, पोळा झाला, सुमन काही परत गेली नाही. पण हे नंतरचं. बाबू कामावर परतले त्या दिवशी मी त्यांना विचारलं, "वाटेत काय म्हणाली हो ती?"

"काहीच नाही. म्याबी इचारलं नाही." ते यंत्राची धूळ पुसत होते. "मूर्तिजापूरच्या पहिलेच माह्या खांद्यावर झोपली. गाडी थांबली, मानसं चढली-उतरली, हिले पत्ता नाही. लगन झाल्यापासून झोपलीच नसन वाटते. खांदा अवघडला, पन अकोल्यापर्यंत म्या हाललो नाही."